काका म्हणतात त्रेसष्ट, डॉक्टर म्हणतात चोपन्न

पत्र थोडक्यात असं: वाचक गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, वय ३४. बाबा ६६ वर्षांचे, पूर्वी मायनिंगच्या ट्रकवर ड्रायव्हर, २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हापासून घरीच. दहा-बारा वर्षांचा डायबिटीस, बीपी. गेल्या महिन्यात प्रायव्हेट लॅबमध्ये रक्त तपासलं तर क्रिएटिनिन १.३५ आलं, आणि त्याखाली ईजीएफआरच्या दोन ओळी: 'नॉन-आफ्रिकन अमेरिकन ५४' आणि 'आफ्रिकन अमेरिकन ६३'. डॉक्टरांनी ५४ धरला, गुडघ्यांसाठी चाललेली डायक्लोफिनॅक बंद करायला सांगितली, बीपीची टेल्मिसार्टन लिहून दिली आणि किडनीच्या डॉक्टरला, म्हणजे नेफ्रॉलॉजिस्टला, दाखवा म्हणाले. काकांचं म्हणणं, आपण काळेसावळे, गोऱ्यांचा आकडा आपल्याला कसा लागणार, आपला तो ६३, साठच्या वर म्हणजे किडनी ठीक. बाबांना ते पटलं, डायक्लोफिनॅक परत चालू. ब्रिटनमध्ये स्विंडनला असलेला भाऊ फोनवर सांगतो की इकडे डॉक्टर वंश विचारून औषध देतात, साऊथ एशियनांना वेगळे नियम, काळ्या लोकांना बीपीची गोळी वेगळी, तिकडच्या डॉक्टरला पण सांग बाबांना वंशाप्रमाणे औषध द्यायला. "मावशी, आमचा आकडा नक्की कोणता, आणि डॉक्टरना हे सांगायचं कसं?"

बाय, तुझं पत्र वाचून आधी हसायला आलं, राग मानू नको. एका कागदावर दोन आकडे आले आणि घरातल्या प्रत्येकाने आपल्याला झोप लागेल तो उचलला. मी म्हापशाला सव्वीस वर्षं फार्मसीच्या काउंटरवर काढली, लोक घडी केलेला रिपोर्ट खिशातून काढून काचेवर पसरायचे आणि ठळक अक्षरात छापलेल्या ओळीवर बोट ठेवून विचारायचे, "हें वायट मगे?" त्यामुळे तुझे काका मला अगदी ओळखीचे वाटले. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, पण हे दोन आकडे येतात कुठून ते मला माहीत आहे आणि ते एकदा कळलं की अर्धं भांडण तिथेच मिटेल.

ईजीएफआर म्हणजे किडनी दर मिनिटाला किती रक्त गाळते त्याचा अंदाज. अंदाज, बरं का. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, किडनी मंदावली की तो रक्तात वाढतो, तो खरोखर मोजलेला असतो, पुढचं सगळं कॉम्प्युटर फॉर्म्युल्यात घालून काढतो, त्यात वय आणि बाई की पुरुष एवढं जातं. तुझ्या बाबांच्या लॅबचं सॉफ्टवेअर २००९ चा अमेरिकन फॉर्म्युला वापरतंय, हे मी आकड्यांवरून सांगते, कारण त्या फॉर्म्युल्यात माणूस काळा असेल तर उत्तराला १.१५९ ने गुणायचं असा नियम होता. ५४ ला १.१५९ ने गुणून बघ. आलं ना त्रेसष्टच्या जवळ? म्हणजे दुसरी ओळ ही दुसरी टेस्ट नाहीच, तेच रक्त, तोच आकडा, फक्त गुणाकार केलेला.

हा गुणाकार का, तर १९९९ मध्ये अमेरिकेत असा पहिला फॉर्म्युला बनवताना संशोधकांना दिसलं की किडनी सारखीच चालत असली तरी काळ्या पेशंटांचं क्रिएटिनिन सरासरी थोडं जास्त येतं. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमध्ये, मग ठरवून टाकलं की त्या लोकांचे स्नायू जास्त असणार. प्रत्येकाचे स्नायू कोणी मोजले नाहीत. शेतावर राबणारा आणि खुर्चीत बसणारा दोघांनाही एकच गुणाकार, आई गोरी आणि बाप काळा असेल त्याने कुठली ओळ वाचायची ते तर फॉर्म्युल्यालाही माहीत नव्हतं.

आता काकांचा मुद्दा. आपण काळे म्हणून आपला तो आकडा, हे ऐकायला बरोबर वाटतं कारण आपल्याकडे वंश म्हटलं की लोक कातडीचा रंग बघतात. पण तो रकाना रंगाचा नाहीच, अमेरिकेतली माणसं स्वतःला कुठल्या गटात मोजतात त्याचा आहे. आणि 'नॉन'वाली ओळ पण खास आपली नव्हे हं, त्यात नॉर्वेचा मच्छिमार, जपानचा मास्तर आणि डिचोलीचा ट्रक ड्रायव्हर सगळे एकाच पोत्यात. मला तर नेहमी वाटतं की आपल्या हद्दीपलीकडे यल्लापूर-हल्याळकडचे सिद्दी लोक आहेत, पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून आणलेले गुलाम गोव्यातून पळून तिकडच्या रानात गेले त्यांचे वंशज त्यांच्यात आहेत, पिढ्यान् पिढ्या कोंकणी बोलतात, त्यातला एखादा माणूस उद्या तुमच्या लॅबमध्ये आला तर काउंटरवरची मुलगी त्याला कुठली ओळ दाखवणार? तोंड बघून ठरवणार?

अमेरिकेत हा नुसता कागदावरचा गोंधळ राहिला नाही. तिथे किडनी ट्रान्सप्लांटसाठी नंबर लावायचा तर ईजीएफआर २० किंवा खाली लागतो. समज एखाद्याचा १८ आला, तो काळा आहे म्हणून गुणाकार करून २१ केला, झालं, तो लाइनीत उभाच राहू शकत नाही, किडनी अजून बिघडेपर्यंत थांब म्हणे. अशी माणसं वर्षानुवर्षं मागे राहिली. शेवटी तिथल्या मेडिकलच्या पोरांनी आणि काही डॉक्टरांनीच हे लावून धरलं, २०२१ मध्ये नॅशनल किडनी फाउंडेशन आणि अमेरिकन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजी यांच्या समितीने वंश काढून टाकलेला नवा फॉर्म्युला वापरा म्हणून सांगितलं, आणि २०२३ पासून ज्यांचा नंबर त्या गुणाकारामुळे मागे पडला होता त्यांची वेटिंगची तारीख मागे नेऊन द्यायला सुरुवात झाली. ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या नाइस या संस्थेनेही २०२१ लाच तो गुणाकार काढायला सांगितला, हे तुझ्या भावाला सांग. आपल्याकडच्या लॅबचं सॉफ्टवेअर मात्र तसंच, कारण ते बदलायला कोणीतरी सेटिंगमध्ये जायला हवं ना, आणि आपल्याकडे वॉटर फिल्टरची कँडल सुद्धा वास आल्याशिवाय कोणी बदलत नाही.

मी २०२१ च्या फॉर्म्युल्यात तुझ्या बाबांचं क्रिएटिनिन आणि वय घालून बघितलं, ५८ येतो.

झालं का, आता तिसरा आकडा! पण त्याच्यावरून परत भांडू नका. हे सगळे फॉर्म्युले खऱ्या मापाच्या तीस टक्के इकडेतिकडे जाऊ शकतात, आदल्या रात्री मटण हाणलं असेल तर क्रिएटिनिन तेवढ्यानेही वर जातं, आणि म्हातारपणी स्नायू झडलेल्या बारीक माणसाचं ते मुळात कमी असतं म्हणून किडनी आहे त्यापेक्षा बरी दिसते. चोपन्न आणि अठ्ठावन्न दोन्ही साठच्या खाली, एकाच पायरीवर. त्यामुळे डॉक्टरांनी पहिली ओळ धरली ते बरोबरच केलं असं मला वाटतं.

आता भावाचं म्हणणं, कारण ते काकांपेक्षा अवघड आहे, त्यात खरंही थोडं आहे. आपल्या लोकांना कमी वजनावर डायबिटीस होतो हे खरंच दिसलंय, म्हणून आपल्यासाठी बीएमआय २५ ऐवजी २३ लाच सावध व्हा सांगतात. ब्रिटनमध्ये हार्टची रिस्क काढायचं जे कॅल्क्युलेटर आहे त्यातही भारतीय असा रकाना आहे आणि तो निवडला की रिस्क वाढते. पण भावाला एक गंमत करायला सांग, त्याच कॅल्क्युलेटरमध्ये एकदा भारतीय निवड आणि एकदा पोर्तुगीज पासपोर्ट आहे म्हणून गोऱ्यांचा रकाना निवड. बाकी सगळं तेच ठेवायचं, वय, बीपी, कोलेस्टेरॉल, आणि रिस्क खाली येते की नाही बघ. आजोबांचा जन्मदाखला लिस्बनला रजिस्टर झाल्यामुळे कोणाच्या रक्तवाहिन्या साफ होतात काय?

तसं म्हणून तो रकाना अगदीच फेकून द्या असंही मी म्हणणार नाही. ज्याची शुगर कधी तपासलीच नाही, अंगाने सडपातळ आहे, त्याच्या बाबतीत हा भारतीय आहे, एकदा शुगर बघूया, एवढी शंका यायला तो उपयोगी पडतो. पण शुगर एकदा मोजली की रकान्याचं काम संपलं. तुझ्या बाबांच्या बाबतीत शंका घ्यायला काही उरलंच नाहीये, डायबिटीस आहे, बीपी आहे, क्रिएटिनिन समोर आहे, मग साऊथ एशियन म्हणून वेगळं काय द्यायचं? कोणीही वंश विचारला तर मी मनात हेच विचारते, की याला खरं काय मोजायचंय आणि ते सरळ का मोजत नाही.

बीपीच्या गोळीचं पण तसंच. ब्रिटनच्या नियमात काळ्या लोकांना आधी अ‍ॅम्लोडिपिनच्या जातीची गोळी द्यावी असं अजून लिहिलेलं आहे, हे भाऊ म्हणतो ते खरं. पण त्याच नियमात डायबिटीस असेल तर टेल्मिसार्टनच्या किंवा तिच्या बहिणीच्या जातीची आधी द्या असं आहे, मग माणूस कुठलाही असो. तुझ्या बाबांना टेल्मिसार्टन दिली ती डायबिटीस आणि किडनी बघून, आणि लघवीतून प्रोटीन जात असेल तर ती अजूनच हवी. डॉक्टरला वंशाप्रमाणे औषध द्या सांगायला जाऊ नको, ते बिचारे तुझ्या बाबांकडे बघून लिहितायत.

वंशाच्या नावाखाली कधी कधी खरी गोष्ट लपलेली असते हेही खरं, पण ती पण मोजता येते. पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या घराण्यांत एपीओएल१ नावाच्या जीनचे काही प्रकार सापडतात, ते दोन्ही बाजूंनी आले तर किडनी बिघडायचा धोका वाढतो. पण सगळ्या काळ्या लोकांत ते नसतात, मग तपासायचं तर जीन तपासा. आणि कोविडमध्ये घरोघरी बोटाला लावायचो तो ऑक्सिमीटर, तो गडद कातडीवर कधी कधी ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो, अमेरिकेत २०२० ला छापून आलं की असं चुकणं काळ्या पेशंटांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. तिथे प्रश्न कातडीतून उजेड किती जातो एवढाच आहे, म्हणजे दोष मशीनचा. काकांना काळेसावळेपणाचा मुद्दा काढायचाच असेल तर त्यांनी तो तिथे काढावा, तिथे तो शंभर टक्के लागू आहे.

बाबा खाणीच्या धुळीत इतकी वर्षं होते म्हणून अजून एक सांगून ठेवते, पुढे कधी दम लागतो म्हणून फुंकायची टेस्ट केली, स्पायरोमेट्री, तर त्या मशीनमध्ये पण वंशाचा रकाना असतो. गोऱ्यांपेक्षा बाकीच्यांची फुप्फुसं लहान असतात हे धरून आपला 'नॉर्मल'च खाली ओढून ठेवायचा, ही जुनी पद्धत. याचं मूळ शोधायला गेलीस तर अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या काळात पोचशील, कार्टराइट नावाचा डॉक्टर होता, त्याने गुलामांची फुप्फुसं कमी भरतात म्हणून सांगितलं आणि वर राबणं त्यांना मानवतं असा निष्कर्षही काढला! आपल्या लोकांचे आकडे सरासरी कमी येतात हे खोटं नाही. पण का येतात? लहानपणी पोटाला कमी, चुलीचा धूर, धूळ, शिवाय उंचीत धड किती आणि पाय किती, असं बरंच काही त्यात असू शकतं. ते सगळं सोडून, तुमच्यात असंच असतं, असं मशीनने म्हटलं की धुळीने गेलेला श्वास नॉर्मलमध्ये जमा. सगळ्यांना एकच समीकरण असं २०२२ मध्ये आलंय आणि २०२३ ला अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने ते वापरायला सांगितलं. रिपोर्ट आला तर टेक्निशियनला विचार कुठलं समीकरण लावलंय, त्याला माहीत नसेल तर चेस्टच्या डॉक्टरला विचार, आणि बाबा धुळीत किती वर्षं होते ते न विचारता सांग.

आपलं काणकोण बघ ना. तिथे किडनीचे पेशंट जास्त म्हणून किती वर्षं बोलणं चाललंय. तिथे कोणी काणकोणकरांचा वंशच तसा म्हणत नाही, पाणी विचारतात, माती विचारतात, उन्हातली कामं विचारतात. मग डिचोलीच्या माणसाच्या बाबतीत अमेरिकेतला रकाना कशाला?

आणि आपण पण काही कमी नाही, उगाच अमेरिकेला नावं नको ठेवायला. आमच्या शेजारी एक ख्रिश्चन गृहस्थ होते, थेंबाला शिवत नसत. लिव्हरचे रिपोर्ट वाईट आले तर ज्या डॉक्टरकडे दाखवलं त्याने मान वर न करता विचारलं, "पेग किती रोजचे?" पीत नाही म्हटलं तर हसला. घरच्यांना पण वाटायला लागलं की हा चोरून पितो. पुढे दुसरीकडे रक्त तपासलं तेव्हा हिपॅटायटिस बी निघाला, मधली दोन वर्षं फुकट गेली, बायकोशी वाकडं आलं ते वेगळंच. आडनाव वाचून तपासणी ठरवायची म्हणजे असं होतं, मग रकाना वंशाचा असो की धर्माचा.

आता तुझ्या घरात काय करायचं. पहिलं काम आकड्याचं नाहीच, ती डायक्लोफिनॅक बंद करायचं आहे. डायबिटीस, बीपी, वर टेल्मिसार्टन, त्यात रोज दुखण्याची गोळी, यात किडनीची सगळ्या बाजूंनी ओढाताण होते, आणि तुझ्या पत्रात त्रेसष्ट आकड्याने केलेलं खरं नुकसान हेच आहे. मी काउंटरवर असताना दहाची पट्टी मागणाऱ्याला मी पण दिलेली आहे, चिठ्ठीशिवाय, आज त्याचं वाईट वाटतं. गुडघ्यांना पॅरासिटामॉल किती चालेल ते डॉक्टरला विचार, शेक, मांडीचे व्यायाम, फिजिओ, हे चालू करा, नुसतं बंद करा म्हटलं तर बाबा पुन्हा दुकानात जातील. घरात कोणी कसली भस्मं किंवा पुडीतली औषधं देत असेल तर ती पण डॉक्टरला दाखव, लपवू नका.

मग लघवीची एसीआर टेस्ट, म्हणजे अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचा रेशो. एवढ्या वर्षांच्या डायबिटीसमध्ये ती दरवर्षी व्हायला हवी आणि तुझ्या पत्रात तिचा उल्लेखच नाही. तीसच्या वर आली तर आकडा ५४ असो नाहीतर ६३, किडनीला त्रास होतोय असंच धरायचं, म्हणजे काकांच्या ओळीनेसुद्धा सुटका नाही. रक्ताची टेस्ट तीन महिन्यांनी परत करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये, आदल्या दिवशी मटण-चिकनला सुट्टी, कारण साठच्या खाली तीन महिने राहिला तरच त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणतात. त्याच्या आधी एकदा, टेल्मिसार्टन सुरू केल्यावर दोनेक आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायचं असतं, तेव्हा क्रिएटिनिन किंचित वर गेलं म्हणून घाबरून स्वतःच गोळी बंद करू नका, रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे जा. आणि कुठली ओळ खरी याचा घोळ तरीही राहिला तर सिस्टॅटिन सी म्हणून एक टेस्ट आहे, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते, महाग आहे आणि सगळीकडे होत नाही, नेफ्रॉलॉजिस्टना विचार गरज आहे का. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, दाखवणार असलात तर जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून फाईल कर, एका रिपोर्टवर नेफ्रॉलॉजिस्ट काही बोलत नाहीत, त्यांना उतार किती वेगाने चाललाय ते बघायचं असतं.

डॉक्टरला कसं सांगायचं विचारलंस. तू सांगायचं नाहीच, विचारायचं. "डॉक्टर, हा जुना फॉर्म्युला आहे ना, २०२१ च्या फॉर्म्युल्याने किती येतो?" एवढंच. चांगला डॉक्टर मोबाइल काढून तिथल्या तिथे करून दाखवेल. लॅबला पण फोन कर, त्या दोन ओळी अजून का छापता म्हणून विचार, भांडू नको, काउंटरवरच्या मुलीचा त्यात काही दोष नाही, पॅथॉलॉजिस्टशी बोल. दहा जणांनी विचारलं तर कोणीतरी सेटिंगमध्ये जाईल. आणि हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांनी पण घरातला जुना रिपोर्ट काढून बघा, दोन ओळी असतील तर मनासारखी निवडू नका, ज्याने टेस्ट लिहून दिली त्याच्याकडे घेऊन जा.

राहिले काका. त्यांच्याशी फॉर्म्युल्यावरून वाद घालू नको, हरशील, त्यांचा आवाज मोठा असणार. घरात आजार आहे हे त्यांना मान्य करायचं नाहीये आणि त्याचं कारण मला वाटतं वेगळंच आहे. ते बाबांचे सख्खे भाऊ, वयाने जवळपास, एकाच घरात एकाच ताटातलं खाऊन वाढलेले. वंशाचा रकाना सोड, हे नातं मात्र खरोखर धोका सांगणारं आहे. बाबांना लघवीच्या टेस्टला नेशील त्या दिवशी काकांना पण गाडीत बसव, सोबत म्हणून चला म्हण, आणि तिथे पोचल्यावर विचार त्यांनी शुगर शेवटची कधी बघितली होती.